फिरंग : एका पात्याची कुळकथा

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईस आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका विख्यात लिलावगृहात ती विक्रीस निघाली होती आणि महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती सोडवून आणली. आमची शाळा गोव्यातली, मराठी माध्यमाची. वर्तमानपत्रातील त्या बातमीचे कात्रण मी नववीच्या वर्गात फळ्याशेजारी लावले होते. छायाचित्राखाली तलवारीवरील लेख छापला होता. पात्याच्या पाठीवर सोन्याने जडवलेली ती देवनागरी अक्षरे अशी : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेना साहेब सुभा फिरंग.’

मधल्या सुट्टीनंतर एका मुलीने विचारले, “सर, राजाने स्वतःच्या तलवारीवर ‘फिरंग’ असे का लिहून घेतले? फिरंगी म्हणजे तर पोर्तुगीज ना?”

रघूजी राजे नव्हते, छत्रपती शाहूंचे सरदार होते, एवढी दुरुस्ती मी तत्काळ केली. शिक्षकाला जे ठाऊक असते ते तो आधी सांगून टाकतो. उरलेल्या प्रश्नाला मात्र “फिरंग हे तलवारीच्या एका प्रकाराचे नाव आहे” एवढेच उत्तर देऊन मी तास संपवला. उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता जे वाचनात आले आणि जे घरीच आढळले, ते येथे मांडतो.

प्रथम शब्द पाहू. धर्मयुद्धांच्या काळी युरोपातून पूर्वेकडे आलेल्या फ्रँक लोकांना अरबांनी व इराण्यांनी जे नाव दिले, तेच फारसीतून आपल्याकडे ‘फिरंग’ होऊन आले. गोव्यात १५१० साली आफोन्सो दे आल्बुकेर्क आला तेव्हा हा शब्द त्याची वाटच पाहत होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे वसईकडील पोर्तुगीज मुलखाला मराठी कागदपत्रांत ‘फिरंगाण’ हे नाव पडले. वैद्यकात ‘भावप्रकाश’कार भावमिश्रांनी सोळाव्या शतकात एका नव्या दुखण्याचे वर्णन केले, तेही ‘फिरंगरोग’ या नावाने. आणि त्याच सुमारास सरळ, लांब, परदेशी पात्याच्या तलवारीलाही लोक फिरंग म्हणू लागले. एकाच शब्दाने परका माणूस, परका रोग आणि परके शस्त्र! पहिल्या दोहोंचा तिटकारा करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तिसरे मात्र कमरेला बांधले आणि दसऱ्याला पूजले.

फिरंग ओळखणे कठीण नसते. मोगली थाटाची तलवार वाकडी, चंद्रकोरीसारखी. फिरंग सरळ, बहुधा एकधारी, सुमारे तीन फूट लांबीच्या पात्याची. मूठ जुन्या खांड्याच्या घडणीची, तिच्यावर हात झाकणारी रुंद परज, आत बोटांना खरचटू नये म्हणून कापडाची किंवा मखमलीची गादी, आणि मुठीच्या शेवटी एक बोथट दांडी. ही दांडी शोभेची नसते. घाव जोराने घालावयाचा झाला तर दुसरा हात तिच्यावर ठेवता येतो. मराठे आणि रजपूत यांनी ही सरळ तलवार आपलीशी केली, मुसलमान सरदारांत वाकड्या समशेरीची आवड अधिक राहिली. हा नियम काटेकोर नव्हे. सरळ पात्याची धोप मोगलांकडेही होती आणि मराठ्यांच्या घरांत वाकड्या तलवारी शेकड्यांनी सापडतात.

मूठ आणि पाते यांचा जोड कसा होतो हे पाहिल्यावाचून फिरंगेचा इतिहास कळणार नाही. आपल्याकडे पात्याचा मागील आखूड दांडा पोकळ मुठीत बसवून भोवती वितळलेली लाख ओतीत. लाख थंड झाली की जोड पक्का. मूठ शेकली की लाख पुन्हा मऊ होऊन पाते सुटे होई. त्यामुळे एका आयुष्यात एका मुठीत दोन-तीन पाती बदलणे ही सामान्य गोष्ट होती, आणि आज्याची मूठ नातवाच्या पात्यावर बसे. परदेशी पाते लांब आणि पातळ असल्यामुळे नुसत्या लाखेवर त्याचा भरवसा नसे. म्हणून मुठीपासून निघालेल्या लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली आणून रिव्हेट मारून बसवीत. रघूजींची फिरंग काय किंवा आमच्या घरचे जुने हत्यार काय, परके आणि स्वकीय यांची गाठ या पट्ट्यांपाशी पडलेली डोळ्यांनी दिसते. परजेच्या पुढे बोटांवरून वळणारी जी पट्टी असते, तिच्यावरही युरोपीय घडणीची छाया असावी असे तज्ज्ञ मानतात. तेव्हा मूठ तरी निखळ आपली, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

पाती येत कोठून? स्पेनमधील टोलेडो, जर्मनीतील सोलिंगेन व पासाऊ, इटलीतील जिनोव्हा आणि बेल्लुनो ही त्या काळची नावाजलेली ठिकाणे. सोलिंगेन वुपर नदीच्या काठी आहे. तेथे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या चाकांवर पाती घासली जात, त्यामुळे एकसारखी पाती मोठ्या संख्येने निघत. प्रत्येक गावाची, प्रत्येक कारागिराची खूण निराळी. पासाऊची खूण धावत्या लांडग्याची. तिची चलती पाहून सोलिंगेनच्या लोकांनी तीच उचलली. बेल्लुनोच्या आंद्रेआ फेर्रारा या सोळाव्या शतकातील कारागिराचे नाव तर तो गेल्यानंतरही दुसऱ्यांच्या पात्यांवर उमटत राहिले. बाजारातील नक्कल ही आजची गोष्ट नाही. ही पाती लिस्बनहून गोव्याच्या बंदरात, आणि सतराव्या शतकापासून इंग्रज व डच यांच्या जहाजांतून सुरतेला व इतरत्र येत. सुरतेच्या वखारीतील इंग्रजांच्या आरंभीच्या पत्रांत लोकर, शिसे, पारा यांबरोबर तलवारीच्या पात्यांचाही विषय निघतो. गिऱ्हाईक पाते वाकवून सोडून देई. ते झटकन सरळ झाले तर सौदा, वाकलेलेच राहिले तर माल परत.

यात एक गंमत आहे. ख्रिस्ती नसलेल्यांना शस्त्रे विकू नयेत, असा रोमच्या धर्मपीठाचा जुना दंडक होता आणि पोर्तुगालच्या राजांनीही तशा आज्ञा काढल्या होत्या. तरीसुद्धा ज्यांच्याविरुद्ध ती चालणार त्यांच्याच हाती पाती जात राहिली. राजाज्ञा आणि बंदरावरील व्यवहार यांची गाठ तेव्हाही क्वचितच पडत असावी.

येथे खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो त्या मुलीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. ज्या देशाचे पोलाद जगात वाखाणले जात होते, त्या देशाने परदेशी पाती का घ्यावीत?

आपले पोलाद खरोखरीच वाखाणण्याजोगे होते. दक्षिणेत लोखंडाचे तुकडे आणि लाकूडपाला मातीच्या लहान मुशीत बंद करून भट्टीत तापवीत. तासन्‌तास आच दिल्यावर मुशीच्या तळाशी पोलादाची एक वडी निघे. कानडी-तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, आणि इंग्रजांचा ‘वूट्झ’ हा शब्द त्याच्याच अपभ्रंशातून झाला असे मानले जाते. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी इतका लांबचा प्रवास करून येत, हे हेन्री व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदून ठेवले आहे. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाणीदार पात्यांचा कच्चा माल असा आपल्याकडून जाई. मुंबईहून पाठवलेल्या या पोलादाच्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन याने १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि पुढे विजेच्या संशोधनाने अमर झालेल्या मायकेल फॅरडेने तारुण्यात त्याच पोलादाचे रहस्य उकलण्यासाठी बराच काळ खर्च केला. आपले पोलाद परदेशी जात होते आणि परदेशची पाती आपल्याकडे येत होती. शाळेतल्या भूगोलात आयात-निर्यातीची जी सुटसुटीत कोष्टके असतात, त्यांत ही गोष्ट बसत नाही.

उत्तर पोलादाच्या गुणातच आहे. मुशीतल्या पोलादात कर्बाचे प्रमाण फार असते. त्यामुळे धार विलक्षण येते, अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, परंतु लवचीकपणा कमी पडतो. शिवाय वडी लहान. ती ठरावीक उष्णतेलाच ठोकावी लागते. आच थोडी अधिक झाली की फुटते. अशा पोलादाची वाकडी समशेर उत्तम होते, कारण तिचा घाव ओढून घालावयाचा असतो आणि पात्याला वाकण्याचा प्रसंग कमी येतो. पण सरळ, लांब, पातळ पाते चिलखतात अडकले, ढालीवर आपटले, तर त्याला वाकून पुन्हा सरळ होता आले पाहिजे. युरोपातील कारागीर पाते तापवून पाण्यात बुडवीत आणि मग हलक्या आचेवर पुन्हा नरम करीत. यातून ती स्प्रिंगेसारखी लवचीकता येई. पट्टा चालवणाऱ्याला तर तिच्यावाचून गत्यंतर नव्हते.

पट्टा हे फिरंगेचेच भावंड. कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी आवरण, आतील आडव्या दांडीवर मूठ, आणि पुढे तीन-चार फुटांचे दुधारी पाते. यात मनगट हलत नाही. हाताचा पुढचा भाग हेच जणू हत्याराचे खोड बनते आणि सारी चाल खांद्यातून व कमरेतून निघते. एकटा माणूस चहूकडून आलेल्यांना दूर ठेवू शकतो, तो याच्या बळावर. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जिवा महाला याने सय्यद बंडाला अडवले तो प्रसंग, किंवा १६६० सालच्या जुलैतील घोडखिंडीची झुंज, ही दोन्ही परंपरेने पट्ट्याशी जोडली आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या जुन्या पट्ट्यांची पाती तपासली तर त्यांतील पुष्कळांवर युरोपातील खुणा आढळतात. हे सांगितल्याने जिवा महालाच्या हाताचे कर्तृत्व तसूभरही कमी होते असे मला वाटत नाही. पण सर्वांना तसे वाटत नाही, हेही मी अनुभवले आहे.

आमच्याच शिक्षकवृंदातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, हे सारे खरे असेल, पण नववीच्या मुलांना कशाला? छत्रपतींची तलवार म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे भवानीमाता उभी राहते. तेथे तुम्ही जर्मनी आणि स्पेन आणून उभे करणार?” त्यांचा सद्भाव मी जाणतो. तरीही या बाबतीत सत्य लपवून काय राखले जाते, हे मला उमगत नाही. लंडनच्या राजसंग्रहात ‘जगदंबा’ या नावाची जी तलवार आहे, ती १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरहून प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, भेट म्हणून गेली. तिचे पाते युरोपीय आहे. साताऱ्यास जी तलवार भवानी म्हणून पूजली जाते, तिच्यावरील लेखात नाव शाहू महाराजांचे आहे. भवानी कोणती, यावर गेली शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. १९८० च्या सुमारास तो विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत किती रंगला होता, ते माझ्या पिढीने वडील माणसांच्या तोंडून ऐकले आहे. लंडनच्याच दुसऱ्या संग्रहालयातून २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी आलेली वाघनखे साताऱ्यात मांडली गेली, तेव्हा पुन्हा तोच प्रकार. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयात गेली, एवढे निश्चित. प्रतापगडावरची तीच की नव्हेत, याचा पुरावा नाही असे ते संग्रहालयच सांगते. आपण मात्र ‘खरी की खोटी’ या एकाच वाटेवर चालत राहतो आणि समोरचे हत्यार स्वतःविषयी जे सांगत असते ते ऐकत नाही. पात्याची खूण, मुठीची घडण, जोडाच्या पट्ट्या, धारेवरच्या खाचा, पुन्हा पुन्हा शिकल केल्याने झिजलेली पाठ, हे सारे कागदाइतकेच बोलके असते.

रघूजींचा लेख या दृष्टीने वाचावा. अरबी-फारसी शब्दही मिरवणाऱ्या पदाचा धनी असलेला, बंगालपर्यंत घोडी दौडवणारा हा सरदार आपल्या पात्याचे परकेपण लपवीत नाही. उलट ते आपल्या नावाशेजारी सोन्यात जडवतो. उत्तम परदेशी पाते मिळवण्यात मान होता. आज आपण ज्याला संकोच समजतो तो त्याला समजलाही नसता.

पात्याला धार कोण लावतो आणि ते कोण चालवतो, यावर किती अवलंबून असते, याचे एक उदाहरण हैदराबादकडचे आहे. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडेस्वार अधिकाऱ्याने १८५३ साली घोडदळावर एक ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी २५ ऑक्टोबरला बालाक्लाव्हाच्या त्या कुप्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला. हिंदुस्थानात असताना निजामाच्या घोडदळाच्या एका चकमकीची हकीकत त्याच्या कानी आली. वैऱ्यांची मुंडकी आणि हात एकेका घावात तुटून पडले होते. नोलनला वाटले, या स्वारांच्या तलवारी कोणत्या तरी अद्भुत पोलादाच्या असणार. पाहतो तो काय, ती इंग्रज घोडदळाने टाकाऊ म्हणून काढून टाकलेली पाती होती! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईवाचून ती बाहेर निघत नसत. इंग्रज शिपायाची तलवार मात्र पोलादी म्यानात राही आणि कवायतीत रोज उपसली जाई, त्यामुळे दर खेपेस तिची धार मरत असे. नोलनने एका वृद्ध स्वाराला तुम्हांला घाव घालण्याचे शिक्षण कसे देतात असे विचारले, तेव्हा त्याने शिक्षणाची गरजच नाकारली. धार असली की कोणाच्याही हातात तलवार कापते, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. शिक्षक म्हणून मला हे मत पटावयाचे नाही, परंतु लाकडी म्यानाचा मुद्दा बिनतोड आहे.

तलवारीने लढाया किती जिंकल्या, हा प्रश्नही मोकळेपणाने विचारला पाहिजे. मराठी स्वाराचे पहिले हत्यार भाला. तलवार नंतरची, गर्दी झाली म्हणजे कामास येणारी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दिवसाचा पूर्वभाग गारद्यांच्या बंदुका-तोफांनी गाजवला. लासवारीपर्यंत, म्हणजे १८०३ पर्यंत, शिंद्यांची पलटणेच संगिनी घेऊन उभी होती. तरीसुद्धा घराघरांतून जपून ठेवली गेली ती तलवार. बंदूक फारशी कोणी देव्हाऱ्यात ठेवली नाही. रणांगणावरचे काम कमी होत गेले, तसतसे तिचे घरातले काम वाढत गेले, असे मला दिसते.

हे घरातले काम फार विविध आहे. वर स्वतः येऊ शकत नसला तर त्याचा खांडा किंवा कट्यार पाठवून तिच्याशी वधूचे लग्न लावण्याची चाल मराठे सरदारांत व रजपुतांत होती. बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार आजही दिसते. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलो वजनाचा खांडा उचलून धरण्याची चढाओढ लागते. पेशवाईत पानसे घराण्याने वाहिलेला तो खांडा कोणाही माणसाला लढाईत पेलला नसता, आणि तो त्यासाठी केलेलाही नाही. आमच्या गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत शिमग्याला घोडेमोडणी निघते. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधलेले, हातात तलवार उभारलेले ते गडी ढोल-ताशांच्या तालावर पुढे-मागे सरकू लागले की जुन्या स्वाऱ्यांची आठवण पायांत उतरते. रंगभूमीवरही कट्यार आहेच; १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात ती आली, आणि तिला स्वरांचे म्यान दिले ते आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी.

पण सगळ्याच शस्त्रांच्या वाट्याला देव्हारा किंवा रंगमंच आला नाही. तंजावरच्या भोसल्यांची शस्त्रशाळा दक्षिणेत अप्रतिम होती. कोरीव मुठींचे कट्यारप्रकार, हत्तीच्या अंकुशापासून पट्ट्यापर्यंत सारे काही तेथे होते. त्या कट्यारींतील पुष्कळांची पाती म्हणजे मोडलेल्या युरोपीय तलवारींचे तुकडे. तलवार तुटली तरी पोलाद वाया जाऊ न देता त्यांनी तिची कट्यार केली. १८५५ मध्ये तेथील शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६३ मध्ये ती शस्त्रशाळा मोडण्यात आली. काही निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या आणि उरलेल्यांचा मोठा भाग जुने लोखंड म्हणून निकालात निघाला. तंजावरची म्हणून ओळखली जाणारी हत्यारे आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत काचेखाली दिसतात, ती त्यातून वाचलेली. रघूजींची तलवार कोणत्या वाटेने देशाबाहेर गेली असावी, याविषयी १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीचे नाव घेतले जाते. मला लुटीपेक्षा तंजावरची भंगारविक्रीच अधिक झोंबते. लुटणाऱ्याला निदान वस्तूची किंमत कळलेली असते.

१८५७ नंतर ब्रिटिश मुलखात हत्यारे काढून घेण्याची मोहीम निघाली आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार घेऊन फिरणे गुन्हा ठरला. यानंतर शिकलगारांचा धंदा बसला. पिढ्यान्‌पिढ्या पात्यांना पाणी आणि चकाकी देणारी ही माणसे पुढे सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरू लागली. लहानपणी आमच्या दारावर असा एक म्हातारा येई. विळी आणि कोयता त्याच्यापुढे टाकला की तो आधी नखाने धार पाही, मग पाते कानाजवळ नेऊन टिचकी मारी आणि आवाज ऐके. भाजी चिरावयाच्या विळीला एवढा मान कशाला, असे आम्हां मुलांना वाटे. त्याचे कान तलवारींचे होते, हे आज कळते.

आता आमच्या घरच्या हत्याराविषयी. डिचोली तालुक्यातील आमच्या मूळ घरी देव्हाऱ्याच्या फळीवर एक सरळ तलवार आहे. मूठ जुनी, गादी केव्हाच झडून गेलेली. पात्यावर, परजेपासून वीतभर खाली, समोरासमोर दोन कोरी कोरल्या आहेत आणि प्रत्येक कोरीच्या बाहेरील कडेला बारीक दाते आहेत. घरात या खुणेला ‘सातेरीचे डोळे’ म्हणतात; दाते म्हणजे पापण्यांचे केस. दसऱ्याला तलवार पुसून झाली की आत्या त्या दोन डोळ्यांना हळद-कुंकू लावते आणि मगच झेंडूची माळ घालते. लहानपणी रात्री त्या खोलीतून जाताना ते डोळे आपल्याकडे पाहतात असे वाटून मी पळत सुटे.

वर्गातल्या त्या प्रश्नानंतर पुस्तके चाळताना हीच खूण चित्रात समोर आली आणि मी चपापलो. ती जिनोव्हाकडच्या पात्यांवरची विळ्याची खूण. तिकडचे संग्राहक तिला ‘पापणीची खूण’ असेही म्हणतात, हे वाचून तर हसू आवरेना. आमच्या घरच्या बायकांना आणि विलायतेतील पंडितांना एकच उपमा सुचली होती. मात्र गोष्ट येथे संपत नाही. ही खूण इतकी मानली गेली की युरोपात इतरांनी तिची नक्कल केली, आणि आपल्याकडच्या लोहारांनीही केली. आमच्या पात्यावरची कोर किंचित वाकडी आहे, एका बाजूस आठ दाते आहेत आणि दुसऱ्या बाजूस सात. जिनोव्हाहून आलेले पाते की ते पाहून दख्खनेत कोणी ठोकलेले? एका जाणकारांनी पाते वाकवून पाहावे असे सुचवले. अडीच-तीनशे वर्षांच्या पोलादाची ती परीक्षा घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी हे सारे आत्याला सांगितले. ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग कोकणीत म्हणाली, “म्हणजे ते गाव समुद्रावर आहे म्हणतोस?”

“होय, बंदरच आहे.”

“तेथे दसरा करतात का?”

नाही, म्हणालो. ती थोडा वेळ पात्याकडे पाहत राहिली. नंतर तिने करंगळीने हळद उचलून आधी सात दात्यांच्या आणि मग आठ दात्यांच्या डोळ्याला लावली, वर कुंकू लावले, आणि मला म्हणाली, “अरे, बोलत काय बसलास? खोबरेल आण. पावसात परजेखाली गंज धरला आहे, तो तुझ्या पुस्तकात नाही वाटते?”

मी तेल आणावयास उठलो. गंज खरोखरच होता.